वजनाने की नगाने

पुढे जे सांगणार आहे ते अक्षरन् अक्षर खरं आहे. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. ज्या दोन-तीन वेळा मी तिथे नव्हतो, त्या वेळचं तर मला जास्तच स्वच्छ आठवतं.

आमचं काम लॅबचं. रक्त-लघवी तपासायची. लोकांना वाटतं, लॅब म्हणजे शांत जागा, काचेच्या नळ्या, पांढरे कोट. अहो, दोन घटका बसून पाहा. उपाशीपोटी आलेला माणूस जितकं खरं बोलतो तितकं कोर्टातही कोणी बोलत नसेल. लॅबमध्ये एक खण असतो, त्यात कोणी न्यायला न आलेले रिपोर्ट साठत जातात. फेकवत नाहीत, ठेवून उपयोग नाही. आमचे किस्सेही असेच साठले. आता खण बंदच होत नाही म्हणून काही बाहेर काढतो आहे.

*

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. रायपूर राजधानी झालं होतं, पण रायपूरला अजून ते पटलं नव्हतं. जिथे काल भाताची पोती होती तिथे आज संचालनालयाची पाटी. उमाठे मॅडम नागपूरहून आल्या आणि समता कॉलोनीत पॅथॉलॉजी लॅब उघडली. एकूण माणसं चार. मॅडम स्वतः. बोबडे काका, म्हणजे रेल्वेच्या दवाखान्यातून रिटायर झालेले सीनियर टेक्निशियन. त्यांच्या हाताखाली मी, अरुण. काउंटरवर पुष्पा दीदी. दीदी छत्तीसगढी, पण आमच्यात बसून बसून तिला मराठी सगळं समजायचं. उत्तर मात्र हिंदीत नाहीतर तिच्या बोलीत.

पहिल्या वर्षी मॅडमनी नवं मशीन घेतलं. ते बसवायला जो इंजिनियर आला त्यानं एकक निवडलं मिलिमोल. "पूरी दुनिया इसी में चलती है," म्हणाला. सेटिंगला पासवर्ड टाकला, कचोरी खाल्ली, गेला. पंधरा दिवसांनी कंपनीला फोन केला तर कळलं, साहेबांनी नोकरी सोडली. पासवर्ड कोणालाच माहीत नाही.

इकडे मॅडमनी दहा हजार रिपोर्टचे फॉर्म आधीच छापून घेतले होते. नागपुरात, दिराच्या प्रेसमध्ये, लग्नपत्रिकांच्या सोबत. फॉर्मवर प्रत्येक तपासणीपुढे एकक छापलेलं: मिलिग्रॅम. मशीन बोलणार मिलिमोलमध्ये, कागद ऐकणार मिलिग्रॅममध्ये.

"फॉर्म फेकायचे नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मशीन फेकता येत नाही. मग बदलणार कोण?"

बोबडे काकांनी चष्मा पुसला. "मी बसलो आहे नं."

*

काकांना कॅल्क्युलेटरचा तिटकारा. त्यांना पावकी, निमकी, औटकी, हे अपूर्णांकांचे जुने पाढे, तोंडपाठ. आमच्या पिढीला ही नावं मिठाईची वाटतात. साखरेसाठी अठरानं गुणायचं असतं. मशीननं अकरा पूर्णांक पंचवीस दाखवलं की काका डोळे मिटायचे. "अठरा अकरे एकशे अठ्ठ्याण्णव, अठराची पावकी साडेचार. लिही, दोनशे अडीच."

मी एकदा चोरून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. माझं शून्य दाबून व्हायच्या आत काकांचं उत्तर फॉर्मवर होतं. काका इतके जोरात गुणत की टेबलावरचा कागद हलायचा. (पंखा चालू होता, पण त्यानं काही फरक पडत नाही.)

पुष्पा दीदीनं एक दिवस विचारलं, "काका, ये मोल-मोल क्या है? मशीन सीधा वजन क्यों नहीं बताती?"

काका खूश. त्यांना असं कोणी विचारलं की साखर न टाकता चहा गोड लागायचा.

"बाजारात कांदे कसे घेतेस?"

"किलो से."

"आन् केळी?"

"दर्जन से."

"बस्. मिलिग्रॅम म्हणजे वजनानं. मोल म्हणजे नगानं. रक्तात साखरेचे कण किती, हे मशीन नगानं सांगते. कण इतके बारीक का एक-एक मोजता येत नाई, म्हणून लय मोठा ढीग बांधला. तो ढीग म्हणजे मोल. डझनाचा खापरपणजोबा समज."

दीदी विचारात पडली. "फिर सबको अठारह से ही गुणा करो ना. यूरिया को छह से क्यों करते हो?"

"काहून का, साखरेचा एक कण वजनदार, युरियाचा हलका. एक डझन लिंबं आन् एक डझन कोहळे, वजन सारखं भरंल का?"

"हव, नहीं भरेगा," दीदी म्हणाली. मग जरा थांबून, "तो जो डॉक्टर दर्जन में पूछे और हम किलो में बता दें, तो?"

"तर कोहळ्यायच्या जागी लिंबं जातीन," काका म्हणाले. "म्हणून तर मी बसलो आहे."

*

अभनपूरचे एक धानाचे व्यापारी आमच्याकडे शुगर तपासायला यायचे. सेठजींना रिपोर्टवर भरवसा नव्हता. ते थेट मशीनपाशी येऊन उभे राहायचे. एकदा पडद्यावर आकडा आला अकरा. सेठजी खूश. पाच मिनिटांनी हातात रिपोर्ट पडला: एकशे अठ्ठ्याण्णव.

"ये क्या है?" सेठजींनी काउंटरवर हात ठेवला. "मशीन बोली ग्यारह. तुम लिखे एक सौ अट्ठानवे. बीच का एक सौ सत्तासी कहाँ से आया?"

मी समजवायला लागलो, तर मला थांबवून म्हणाले, "बेटा, मैं मंडी में बैठता हूँ. बढ़ा के लिखना मैं भी जानता हूँ."

पुष्पा दीदी खाली वाकून पावतीपुस्तक शोधायला लागली. ते तिच्या हातातच होतं.

सेठजी मग सौद्यावर आले. "चलो, न तुम्हारा न मेरा. पचास लिख दो."

काका आतून बाहेर आले. गंभीर चेहरा. "सेठजी, ग्यारह चाहिए तो ग्यारह लिख देता हूँ. पर फिर मिठाई भी गिन के खाना. महीने में ग्यारह नग."

सेठजी हसले नाहीत. "लड्डू कि पेड़ा?"

"जो छोटा हो."

तीन महिन्यांनी सेठजी परत आले. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेलेला. मशीननं दाखवलं साडेसात. त्यांनी खिशातून कागद काढला, स्वतः पेन्सिलनं गुणाकार केला, आणि मला दाखवला: एकशे पस्तीस. बरोबर होता. खाली त्यांनी त्या महिन्याच्या पेढ्यांचा हिशोब लिहिला होता: अकरा. अकराव्याच्या पुढे कंसात, "आधा".

*

आता माझा किस्सा. टाळला असता, पण काका सगळ्यांना सांगतात.

कोलेस्टेरॉलला साधारण साडेअडतीसनं गुणायचं आणि ट्रायग्लिसराइडला साडेअठ्ठ्याऐंशीनं. दोन्ही चरबीच, पण कणाचं वजन वेगळं. एका सकाळी काका उशिरा आले आणि मी शहाणपणा केला. चौबे कॉलोनीतल्या एका बँकेच्या मॅनेजरसाहेबांचं ट्रायग्लिसराइड मशीननं दाखवलं दोन. मी कोलेस्टेरॉलच्या आकड्यानं गुणलं आणि लिहिलं सत्त्याहत्तर. खरं हवं होतं एकशे सत्त्याहत्तर.

साहेबांनी घरी पार्टी दिली. आठ दिवस रोज कचोरी. नवव्या दिवशी माझी चूक काकांच्या नजरेला पडली. आम्ही दुरुस्त रिपोर्ट घेऊन साहेबांच्या घरी गेलो. त्यांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून नीट वाचले.

"मला पहिलाच आवडला," ते म्हणाले.

परतताना काकांनी स्कूटरवर मागे बसून समता कॉलोनीपर्यंत माझा उद्धार केला. "काहून रे पोट्ट्या, तुले लिंबू आन् कोहळा ओळखता येत नाई का? मीठ समजून वॉशिंग सोडा टाकशीन उद्या वरणात." सिग्नलला बाजूच्या रिक्षावाल्यानं रिक्षा बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "नवी लॅब आहे. असा अजून एक रिपोर्ट बाहेर गेला तर आपल्या नावावर कोणी रक्त देणार नाही. पुढची चूक जो करेल, त्यानं दुसरी नोकरी शोधावी. मग तो कोणी का असेना."

दुसऱ्या दिवशी काकांनी फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरात यादी चिकटवली. साखर, युरिया, कोलेस्टेरॉल, सगळ्यांपुढे गुणाकाराचं चिन्ह. सगळ्यात शेवटी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी. त्याच्यापुढे लाल पेननं: "भागा. गुणू नका. ८८.४." क्रिएटिनिन मशीन मायक्रोमोलमध्ये, म्हणजे आणखी हजारपट बारीक ढिगात, सांगायचं. त्यामुळे तिथला आकडा आधीच मोठा, तो भागून लहान करायचा. इतर सगळ्यांच्या उलटं.

*

काकांबद्दल एवढं सांगायला हवं. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. तो दर दिवाळीला म्हणायचा, बाबा, आता बस्, इकडे या. काका म्हणायचे, "तिकडं येऊन करू काय? तुमच्या इकडं मले कोणी काई विचारत नाई."

लॅब उघडायची आठ वाजता. काका साडेसातला बंद शटरसमोर उभे. एकदा रविवारीही उभे दिसले. मी विचारलं, "काका, आज काहून?" म्हणाले, "काई नाई. इकडून चाललो होतो." त्यांचं घर दुसऱ्या टोकाला होतं.

*

आणि आता पुष्पा दीदी.

दीदीच्या घरी आई आणि शाळेत जाणारी मुलगी. नवरा कधीचा गेलेला, कुठे ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. नव्या राज्यात भरती निघाली की दीदी अर्ज टाकायची. दुपारी काउंटरवर गर्दी नसली की सामान्य ज्ञानाचं पुस्तक रजिस्टरखाली. आम्ही तिला येता-जाता जिल्ह्यांची नावं विचारायचो. तिसऱ्या वेळी तिची निवड झाली: मुलींच्या सरकारी होस्टेलची अधीक्षिका. सोबत राहायला क्वार्टर. वयाची मर्यादा संपायला तिला दोन महिने उरले होते. म्हणजे ही गेली तर पुढची नाही.

शेवटची पायरी मेडिकलची. रिपोर्ट कुठल्याही लॅबचा चालणार होता. दीदी म्हणाली, "अपने यहाँ का ही दूँगी. अपना लैब है."

त्या मंगळवारी काका सुटीवर होते. वर्ध्याला, चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला. लॅबमध्ये मी एकटा. दीदीचं रक्त मीच काढलं, मशीनला मीच लावलं. क्रिएटिनिन आलं बासष्ट. भागलं की शून्य पूर्णांक सात, अगदी ठणठणीत. पण भागायचं राहिलं. मिलिग्रॅम छापलेल्या रकान्यात सरळ बासष्ट लिहिलं गेलं. मॅडमनी गठ्ठ्यात सही केली. दीदी रिपोर्ट घेऊन गेली.

रक्तातलं क्रिएटिनिन बासष्ट मिलिग्रॅम असलेला माणूस आजवर कोणी पाहिलेला नाही. कारण इतकं व्हायच्या पुष्कळ आधी माणूस पाहायच्या स्थितीत राहत नाही.

गुरुवारी दुपारी दीदी परत आली आणि काउंटरच्या आत न येता बाहेरच्या बाकावर, पेशंटच्या जागेवर, बसली.

"का होगे?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"अनफिट लिख दिस," ती म्हणाली. "बाबू बोला, आपको भर्ती तो करेंगे, पर अस्पताल में." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "भैया, मैं त जियत हँव."

मॅडम बाहेर आल्या. रिपोर्ट हातात घेतला. बासष्टवर बोट ठेवलं. "हे कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो. "भागायचं राहिलं."

मॅडमनी कागदावरचं अक्षर बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं." आणि आत जाऊन दुरुस्त रिपोर्ट बनवायला लागल्या. दुसरी नोकरी शोध वगैरे काही म्हणाल्या नाहीत. पुढे दोन महिने मात्र माझी रविवारची ड्युटी सुटली नाही.

*

शुक्रवारी चारपर्यंत दीदीची फाइल पुढे गेली नाही तर नंबर वेटिंग लिस्टमधल्याला जाणार होता.

काका त्याच सकाळी वर्ध्याहून आले. मी सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभा राहिलो, स्कूटरवरच्यासारखं काहीतरी येईल म्हणून. काका तसेच वळले. घरी गेले आणि रेल्वेतून रिटायर होताना शिवलेला कोट घालून आले. उन्हाळा होता.

"चाल," म्हणाले. "मीच येतो तिच्यासंगं."

ते ऑफिस नवं होतं, म्हणजे एका जुन्या शाळेच्या इमारतीत होतं. फळ्यावर अजून कोणाचा तरी भूमितीचा त्रिकोण होता. मेडिकल बोर्डाचे डॉक्टर सहीला तीन वाजता येणार. तोवर सगळं एका बाबूंच्या हातात. बाबूंनी दुरुस्त रिपोर्ट चिमटीत धरला.

"मंगलवार को बासठ. आज शून्य दशमलव सात. तीन दिन में किडनी नई लगवाई?"

काकांनी सांगितलं: मोल, मिलिग्रॅम, अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार.

"सरकारी कागज में भाग नहीं होता," बाबू म्हणाले. "मेरे रजिस्टर में अनफिट चढ़ गया है. काटूँगा तो कारण लिखना पड़ेगा. कारण क्या लिखूँ, पहाड़ा?"

आम्ही बाकावर बसलो. अकरा वाजले, बारा वाजले. दीदी मांडीवरच्या फाइलच्या नाड्या सोडत होती, बांधत होती. काका कोटात भिजून चिंब झाले होते पण काढायला तयार नव्हते.

बाबूंनी अर्जाला दुरुस्त रिपोर्ट जोडून द्यायला सांगितलं, निदान तेवढं तरी. दीदी म्हणाली, "एक ऑलपिन मिलेगी क्या?"

"नहीं है."

दीदीनं टेबलाकडे पाहिलं. बाबूंच्या समोर ऑलपिनचे डबे एकावर एक रचलेले होते. वरचा उघडाच होता.

"ये?"

"ये डब्बे में हैं," बाबू म्हणाले. "रजिस्टर में नहीं हैं."

काकांनी मान वर केली.

मग हळूहळू बाबूंचं दुःख बाहेर आलं. राज्याची वाटणी झाली तेव्हा भोपाळहून स्टेशनरी आली, सोबत यादी. तीच त्यांनी इथल्या स्टॉक रजिस्टरात उतरवली. ऑलपिन आल्या दोन. तेव्हापासून दिल्या गेल्या आठशे बेचाळीस. शिल्लक, उणे आठशे चाळीस. दोनदा ऑडिट येऊन गेलं. साहेबांनी लेखी विचारलं होतं की दोन पिनांतून आठशे बेचाळीस कशा निघाल्या. बाबूंनी चार महिन्यांपासून उत्तर दिलं नव्हतं आणि पिन द्यायचं बंद केलं होतं. ऑफिसात सगळे कागद बाभळीच्या काट्यांनी टोचलेले होते.

"भोपाळची यादी दाखवा जरा," काका मराठीतच म्हणाले, आणि बाबूंनी तिथल्या तिथे दाखवली.

काकांनी ती खिडकीशी नेली, चष्मा वर केला, कागद नाकाला लावला. बराच वेळ पाहत होते. मग रजिस्टर मागितलं. रजिस्टरच्या रकान्यावर छापलेलं होतं: नग. भोपाळच्या यादीत दोनच्या पुढे, कोपऱ्यात, बारीक: कि.ग्रा.

काका परत आले. दीदीला म्हणाले, "पोरी, शंभर पिना मोज." दीदीनं मोजल्या. त्या पुडीत बांधून मला म्हणाले, "अरुण, लॅबमधल्या काट्यावर तोलून आण. पळ."

मी स्कूटर काढली. समता कॉलोनीला पोचलो, केमिकल तोलायच्या काट्यावर पुडी ठेवली, कागदाचं वजन वजा केलं. आठ ग्रॅम. परत आलो तेव्हा अडीच वाजले होते. ऑफिसातले सगळे बाबू त्या टेबलाभोवती जमले होते, कोणीतरी काकांना पाणी दिलं होतं.

"आठ ग्रॅम," मी म्हणालो.

काकांनी डोळे मिटले. "आठ ग्राम में सौ. तो दो किलो में पच्चीस हजार. उसमें से गए आठ सौ बयालीस. बाबूजी, आपके पास चौबीस हजार एक सौ अट्ठावन पिन हैं. लिख लो."

बाबू उठून उभे राहिले. रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, परत बसले. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांची पाठ सरळ झाल्यासारखी वाटली.

"तो मैं... दो नहीं..."

"आपके पिन कहीं नहीं गए थे," काका म्हणाले. "आए थे वजन से, चढ़ गए नग वाले खाने में. इस बेटी का गुर्दा भी कहीं नहीं गया. मशीन ने बताया नग से, चढ़ गया वजन वाले खाने में. न पिन की गलती, न गुर्दे की." काकांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. "लिखने वाले की गलती है. लिखने वाला बूढ़ा हो तो भी, जवान हो तो भी, गलती उसी की है. उसकी सजा इसको मत दो."

भिंतीवरचं घड्याळ, ते भोपाळहून आलेलं असावं, सात मिनिटं मागे होतं.

बाबूंनी रजिस्टर ओढलं. अनफिटवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. शेजारी कारण लिहिलं. मी उलटं वाचलं, आजही पाठ आहे: "इकाई की भूल. भाग दिया गया." मग तीन वाजता डॉक्टर आले, रिपोर्ट पाहिला, पहिला रिपोर्ट पाहिला, आणि दीदीला विचारलं, "आप वही हैं? बासठ वाली?" दीदी म्हणाली, "हव." डॉक्टरांनी फिट लिहिलं आणि म्हणाले, "पुराना सँभालकर रखिए. इतने क्रिएटिनिन में चलकर आने वाली आप पहली हैं."

जाताना बाबूंनी दीदीला थांबवलं. वरच्या डब्यातून एक पिन काढली, दोन बोटांत धरून तिच्या अर्जाला लावली. मग स्टॉक रजिस्टर उघडून नवी ओळ लिहिली: एक नग, पुष्पा साहू, मेडिकल में फिट. शिल्लक, चोवीस हजार एकशे सत्तावन्न.

दीदी पायऱ्या उतरली आणि मग तिथेच बसली. काका तिच्या बाजूला बसले. कोट शेवटी काढला.

*

आता कबूल करतो. हे सगळं खरं आहे. पिनांचा हिशोब हवा तर स्वतः मांडून पाहा. बनवलेली गोष्ट एकच.

काका वर्ध्याला गेले नव्हते. कोणाचं लग्न नव्हतं. त्या मंगळवारी ते साडेसातला शटरसमोर होते, दिवसभर त्यांच्या स्टुलावर होते, आणि बासष्ट हे मी लिहिलेलं नाही.